मदतीमुळे लढाया लांबतात का? गोदामाच्या बाजूनं एक उत्तर

चिकोडी तालुक्यातली एक मुलगी बेळगावात एमएसडब्ल्यू करते. तिनं विचारलंय: "काका, गरीब देशांत लढाई चालू असताना बाहेरून गेलेलं धान्य आणि पैसा शेवटी बंदूकवाल्यांच्याच घशात जातो, त्यानं युद्ध उलट लांबतं, असं आमच्या सरांनी शिकवलं. मग २०२५ मध्ये अमेरिकेनं मदत बंद केली ते बरंच झालं म्हणायचं का? आणि मला याच कामात यायचं असेल तर काय शिकू?"

मी निपाणीचा. नोकरीची बहुतेक वर्षं धान्यवाटप आणि वाहतूक बघण्यात गेली, दक्षिण सुदानात आणि सोमालियाच्या हद्दीजवळच्या केनियातल्या निर्वासित छावण्यांत. त्यामुळे परराष्ट्र धोरणाचं मला विचारू नकोस. पोतं बंदरातून निघून चुलीपर्यंत कसं जातं आणि वाटेत कोण कोण हात मारतं, तेवढं मात्र सांगू शकतो. तुझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या वाटेवरच आहे.

तुझ्या सरांचं बोलणं हवेतलं नाही. नॅथन नन आणि नॅन्सी कियान या दोन अर्थतज्ज्ञांचा एक अभ्यास २०१४ साली छापून आला. १९७१ ते २००६ या काळातले सव्वाशे देश त्यांनी घेतले. अमेरिकेत गहू जास्त पिकला की पुढच्या वर्षी तो मदत म्हणून बाहेर जातो, आणि जिथं तो नेमानं जातो तिथं चालू असलेली यादवी लांबते, असं त्यांनी मांडलं. मदतीमुळे नवी यादवी पेटते असं मात्र त्यांनाही ठामपणे दाखवता आलं नाही. पुढं दुसऱ्या अभ्यासकांनी त्याच आकड्यांवर बोट ठेवलं. गव्हाचं पीक आणि जगातल्या यादव्या या दोन्हींचा आलेख त्या दशकांत सारखाच वर गेला आणि खाली आला, म्हणून एकामुळे दुसरं घडलं म्हणता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही, आणि सरांनी दुसरी बाजू सांगितली नसेल तर त्यांना विचार.

माझं मत विचारशील तर मदत किती टन गेली यावर काही ठरत नाही. पोत्यातलं धान्य चोरीला जातंच, ते खोटं नाही. पण लढाईला खरं बळ मिळतं ते पोत्याभोवतीच्या चार गोष्टींतून: यादी कोणाच्या हातात, ट्रकचं भाडं कोणाला, नाक्यावर वसुली कोणाची, आणि डॉलर कुठल्या भावानं मोडला. या चार जागा नीट बांधल्या तर तेवढंच धान्य माणसं जगवतं. मोकळ्या सोडल्या तर तेवढंच धान्य एखाद्या टोळीचं राज्य चालवतं.

यादीपासून सुरू करतो, कारण ती तुला घरबसल्या दिसली असेल.

२०१९ च्या ऑगस्टातला पूर आठवतो ना? कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा एकदम चढल्या, यमगर्णीजवळ पुणे-बेंगळूरु हायवे बंद पडला. पाणी उतरायला लागल्यावर मदतीचे ट्रक आले, महाराष्ट्रातूनही आणि हुबळीकडूनही. हायवेला चिकटलेल्या गावांत बिस्किटांचे खोके ठेवायला घरात जागा राहिली नाही, आणि नदीकाठच्या आतल्या मळ्यांत, जिथं ट्रॅक्टरशिवाय पोचता येत नव्हतं, तिथं लोक चिरमुऱ्यांवर दिवस काढत होते. ते सगळं महिन्याभरात विसरलं गेलं. विसरली गेली नाही ती पडक्या घरांची यादी. ए, बी, सी असे गट पडले. ए म्हणजे घर पूर्ण गेलेलं, त्याला ५ लाख, सगळ्यात खालच्या गटाला त्याहून पुष्कळ कमी. भिंतीला किती भेग म्हणजे कुठला गट, हे पाहणी करणाऱ्याच्या पेनावर. यादी कन्नडमध्ये. काठावरच्या मराठी म्हातारीला आपलं नाव त्यात आहे की नाही हे स्वतः वाचता येत नाही, तिला वाचून दाखवणारा लागतो. "आजी, तुझं नाव मी घातलंय बघ," असं सांगणारा तो माणूस कोण होता, त्यानं खरंच घातलं होतं की यादीत ते आधीपासूनच होतं, आणि २०२० च्या डिसेंबरात ग्रामपंचायतीच्या निवडणुका आल्या तेव्हा तो कुठल्या पॅनलमधून उभा होता, हे आपापल्या गावात ज्यानं त्यानं आठवून बघावं.

ही काही लढाई नव्हे. सीमाप्रश्नाची आणि दक्षिण सुदानची बरोबरी करणाऱ्याला दोन्हींतलं काही कळत नाही. पण जिथं पोलीस, कोर्ट, निवडणूक सगळं जागेवर आहे तिथं एका यादीनं एवढं होत असेल, तर जिथं यातलं काहीच उरलेलं नाही तिथं काय होत असेल याचा अंदाज बांध.

त्याचं सगळ्यात भयंकर उदाहरण गोमाचं. १९९४ च्या एप्रिल ते जुलै या काळात रवांडात सुमारे ८ लाख माणसं कापली गेली, बहुतेक तुत्सी जमातीची. कापणारे हुतू जमातीतले कट्टर लोक हरले आणि सरहद्द ओलांडून तेव्हाच्या झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, गोमा शहराजवळ आले, त्यांच्याबरोबर लाखो साधी हुतू माणसंही. लगोलग कॉलरा पसरला, महिन्याभरात ५० हजारांच्या आसपास माणसं गेली. टीव्हीवर ते बघून जगानं मदत ओतली. आता एवढ्या लोकांना धान्य वाटायचं कसं? लोक आपापल्या मुलखाप्रमाणे गट करून बसलेले, आणि त्यांचे जुने पुढारी, ज्यांनी कत्तल करवली होती तेच, याद्या घेऊन तयार. घाईत त्याच याद्या धरल्या गेल्या. माणसांचे आकडे फुगवलेले होते, वरचं धान्य बाजारात गेलं, त्या पैशावर फौज परत उभी राहू लागली. जो गुपचूप घरी परतायचं म्हणेल त्याला मार, नाहीतर मरण. मेदसां सां फ्राँतिएर या डॉक्टरांच्या संस्थेची फ्रेंच शाखा त्याच नोव्हेंबरात काम बंद करून बाहेर पडली, कारण आपण खुन्यांना पोसतोय असं त्यांचं मत झालं. बाकीच्या बऱ्याच संस्था राहिल्या, कारण छावणीत लहान पोरंही होती. दोघांचंही मला पटतं, आणि त्यातून सुटका नाही. पुढं धान्य पुढाऱ्यांच्या हातून काढून थेट कुटुंबांना द्यायला सुरुवात झाली, तेव्हा पुढाऱ्यांची पकड काहीशी सैल झाली, पण तोवर उशीर झाला होता. १९९६ मध्ये रवांडाच्या फौजेनं आणि तिच्या साथीदारांनी त्या छावण्या मोडल्या आणि त्यातून काँगोचं युद्ध सुरू झालं.

त्या फजितीनंतर या क्षेत्रानं स्वतःला काही नियम घालून घेतले. १९९७ मध्ये स्फिअर नावाचं काम सुरू झालं. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, वीस माणसांमागे एक संडास, २१०० उष्मांकांचं अन्न अशी मापं त्यातूनच रूढ झाली. ती पाठ कर, परीक्षेला आणि नोकरीला दोन्हीकडे लागतात.

यादीला तंत्राचं उत्तर म्हणून बोटांचे ठसे आले. २०१३ मध्ये केनियातल्या दादाब आणि काकुमा छावण्यांत धान्य घेताना ठसा घ्यायला सुरुवात झाली आणि खाणाऱ्यांचा आकडा लगेच खाली आला. म्हणजे एकाच्या नावावर चार कार्डं होती. चांगलंच झालं. पण आपल्या रेशन दुकानात तंबाखूच्या कारखान्यात हात झिजलेल्या बाईचा अंगठा मशीनवर उमटत नाही, तेव्हा काय होतं ते तू बघितलं असशील. शिवाय ठशांची यादीसुद्धा यादीच. येमेनमध्ये २०१९ साली जागतिक अन्न कार्यक्रमानं, म्हणजे डब्ल्यूएफपीनं, ठसे घ्यायचे ठरवले तेव्हा हूती बंडखोरांचे अधिकारी अडून बसले, ती माहिती कोणाच्या ताब्यात राहणार यावरच. जूनमध्ये सना भागातलं काही धान्य त्यापायी थांबवावं लागलं. बंदूकवाल्याला धान्यापेक्षा यादी प्यारी असते, हे मी तिथं न जाता सांगू शकलो असतो.

भाड्याचं प्रकरण याहून मोठं आणि कमी बोललं जाणारं. पोतं चोरलं तर दिसतं. भाडं मात्र रीतसर बिलानं जातं. सोमालियात २०१० च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच पाहणी गटानं अहवाल दिला की डब्ल्यूएफपीच्या वर्षाला सुमारे २० कोटी डॉलरच्या वाहतुकीतला ८० टक्के वाटा अवघ्या तीन ठेकेदारांकडे जात होता, आणि मदतीतलं निम्म्यापर्यंत धान्य वाटेत गळत असावं. डब्ल्यूएफपीनं गळतीचा आकडा मानला नाही. आकडा बाजूला ठेवू. ज्या देशात बाकी कुठलाच धंदा चालत नाही तिथं ट्रकचा ठेका हा सगळ्यात मोठा धंदा होतो, आणि ट्रक राखायला पोरं लागतात, पोरांना बंदुका लागतात. १९९१-९२ मध्ये तर रेड क्रॉससारख्या संस्थेला, जी बंदुकीला हात लावत नाही, सोमालियात पहिल्यांदा भाड्यानं बंदूकवाले ठेवावे लागले. ज्याला पगार दिला तो राखायचा, ज्याला नाही दिला तो लुटायचा, आणि दोघं बहुतेक वेळा एकाच टोळीतले.

पण त्याच रेड क्रॉसनं त्याच वेळी एक शहाणपणाचं काम केलं, जे मी प्रत्येक नव्या पोराला सांगत आलो. कच्चं धान्य लुटून विकता येतं. शिजवलेलं विकता येत नाही. म्हणून त्यांनी शेकडो स्वयंपाकघरं काढली आणि दहा लाखांच्या आसपास लोकांना शिजवून वाढलं. आपल्याकडे पुरात गंजी केंद्र उघडतात ना, तेच. त्याची चेष्टा होते, की काय ती पातळ भात-आमटी. पण गंजी केंद्रातला भात कोणी ट्रकमध्ये भरून नेत नाही, आणि तिथं कोणी कार्ड मागत नाही. तांदळाऐवजी जोंधळा पाठवण्यातही हाच हिशेब असतो. तांदळाला बाजारात भाव जास्त, म्हणून तो आधी लुटला जातो. जोंधळा गरिबाचा, त्याला चोर कमी.

जोंधळ्यावरून आठवलं. दक्षिण सुदानात पावसाळ्यात रस्ते महिनोन्महिने बंद असतात, मग धान्य विमानातून टाकतात. इल्युशिन-७६ हे अवाढव्य रशियन विमान अगदी खाली येऊन नाक वर करतं आणि मागच्या दारातून पोती सुटतात. धान्याला पॅराशूट नसतं. ५० किलोचं पोतं, फुटू नये म्हणून पोत्यात पोतं घातलेलं. तरी काही फुटतातच. विमान गेलं की बायका पोरांना घेऊन येतात आणि मातीतला एकेक दाणा वेचतात, चाळतात, पाखडतात. पोती गोळा झाली की काही कुटुंबांना मिळून एक पोतं अशी वाटणी. त्या बायका पोतं मध्ये ठेवून गोल बसतात आणि तेलाच्या रिकाम्या डब्यानं मापतात. भांडण कशावरून होतं माहितीय? माप हातानं सपाट करायचं की शीग ठेवायची यावरून. आपल्या खळ्यावर पायलीवरून जे होतं ते शब्दशः तेच. मापणारी बाई कोण असावी हे त्या बायकांनी आपसात ठरवलेलं असलं की वाटप दुपारपर्यंत उरकतं. आम्ही बाहेरून ठरवली की संध्याकाळ होते.

खरी वाटणी त्यानंतर होते, ज्या वेळी आम्ही नसतो. गावचा मुख्य आपला वाटा घेतो, बंदूकवाली पोरं आपला घेतात. १९९८ च्या बहर-अल-गझलच्या दुष्काळात बंडखोर सेना लोकांकडून 'तायीन' नावाची धान्यपट्टी गोळा करायची, हे तेव्हाच जगजाहीर झालं होतं. ही चोरी म्हणायची का? काही वेळा चोरीच. पण ते पोरगं त्याच बाईचा भाऊ असतं, आणि ज्याचं नाव यादीत राहून गेलं त्या चुलत्याला याच वाटणीतून काहीतरी मिळतं. परदेशी साहेब दोन्ही प्रकार 'गळती' या एकाच रकान्यात टाकतो. तू टाकू नकोस. कोणी मागून घेतलं आणि कोणी बंदूक दाखवून घेतलं, एवढा फरक बायकांना एकांतात विचारला तर त्या नेमका सांगतात. पुरुषांना विचारू नकोस, वेळ जातो.

आणखी एक, जे जिनिव्हात बसून सुचत नाही. माणशी रोज ४०० ते ४५० ग्रॅम अख्खा जोंधळा, थोडी डाळ, तेल, मीठ, कागदावर सगळं बसतं. आपल्याकडच्या कुठल्याही बाईनं पहिला प्रश्न केला असता: दळायचं कुठं? छावणीत गिरणीवाला दळणाचे पैसे धान्यातच कापून घेतो, म्हणजे तिचं रेशन तिथंच कमी झालं. त्यात डाळ कोरडी आणि जुनी, शिजायला तास-दोन तास, त्याला सरपण हवं. सरपण छावणीबाहेर. २००३ नंतर सुदानच्या दारफूर भागात बायकांवर मोठ्या प्रमाणात बलात्कार झाले, त्यांतले पुष्कळ सरपणाला बाहेर पडल्यावर. पुरुष गेला तर मारला जातो, म्हणून घरातली बाई जायची. म्हणजे कुठली डाळ पाठवायची हा निर्णयसुद्धा त्या युद्धाच्या हद्दीत येतो. कमी जळणाच्या चुली, दळलेलं पीठ, लवकर शिजणारी डाळ, या गोष्टी प्रकल्पाच्या कागदात शेवटच्या पानावर असतात. मी असतो तर पहिल्या पानावर घेतल्या असत्या.

नाक्यांचं लांबवत नाही. आपण सीमाभागातले, नाका म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या गाड्यांवर दगड पडले, बस बंद झाल्या. गाडीत काय माल आहे ते कोणी बघितलं नाही, नंबरप्लेट बघितली. दक्षिण सुदानात नाक्यावर प्लेटऐवजी ड्रायव्हर बघतात, दिन्का जमातीचा की नुएर. म्हणून शहाण्या संस्था तिथं केनिया-युगांडाचे ड्रायव्हर ठेवतात आणि प्रत्येक नाक्यावर काय दिलं याची लेखी नोंद ठेवतात. न देणारा पुढं जाऊ शकत नाही. देऊन नोंद न ठेवणारा पुढच्या वेळी दुप्पट देतो.

आणि डॉलरचा भाव. हा सगळ्यात सभ्य मार्ग. देशात डॉलर सरकारी दरानंच मोडायचा असा नियम केला की बस्स. २०१५ पर्यंत दक्षिण सुदानची राजधानी जुबात सरकारी दर डॉलरला तीन पौंडांच्या आसपास होता आणि बाजारात त्याच्या कितीतरी पट. मधला फरक ज्याच्या ओळखीला स्वस्त डॉलर मिळतो त्याच्या खिशात. सीरियात २०२० साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीतल्या डॉलरमागे जवळजवळ निम्मा हिस्सा नुसत्या दराच्या फरकातून सरकारी तिजोरीत गेल्याचा हिशेब अभ्यासकांनी मांडला. एकही पोतं चोरीला न जाता. तुझे सर बंदूकवाल्यांचा घसा म्हणतात, तो बऱ्याच वेळा असा कोट-टाय घातलेला असतो.

आता मदत बंद करण्याचं. ते करून बघितलेलं आहे. २००९-१० मध्ये अमेरिकेनं दक्षिण सोमालियाकडे जाणारी मदत आखडली, कारण तो मुलूख अल-शबाबच्या ताब्यात आणि अल-शबाब दहशतवाद्यांच्या यादीत. २०१० च्या जानेवारीत डब्ल्यूएफपी तिथून बाहेर पडली, आणि तिथं उरलेल्या संस्थांना पुढं अल-शबाबनंच हाकललं. मग पाऊस गेला. २०१० च्या ऑक्टोबरपासून २०१२ च्या एप्रिलपर्यंत सुमारे २ लाख ६० हजार माणसं मेली असा नंतरचा अभ्यास सांगतो, त्यातली निम्मी पाच वर्षांखालची. त्या वेळी जे बाहेर चालत आले ते दादाबला आले, तिथली वस्ती साडेचार लाखांवर गेली. रोज पहाटे नोंदणीच्या रांगेत बायका उभ्या असायच्या. पोराच्या दंडाला मापाची पट्टी लावायची, ११५ मिलिमीटरच्या आत आली की लाल. ज्यांच्या हातात पोर नव्हतं त्यांना वाटेत काय झालं हे कोणी विचारायचं नाही, असा आमच्यात अलिखित नियम होता. अल-शबाब मात्र तशीच राहिली. तिला कोळसा, बंदरं आणि नाके यांतून पैसा मिळत होता. मदत बंद झाल्यानं लढणारा उपाशी राहत नाही. बंदूक असलेला माणूस शेवटी उपाशी राहतो, सगळ्यांत शेवटी.

२०२५ चंही तसंच. २० जानेवारीला परदेशी विकासमदत ९० दिवसांसाठी गोठवण्याचा हुकूम निघाला, मार्चमध्ये यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं जाहीर झालं, १ जुलैला त्या संस्थेचं कामच थांबलं. सुदानात २०२३ च्या एप्रिलपासून लष्कर आणि आरएसएफ या निमलष्करी टोळीत युद्ध चालू आहे. तिथं गल्लीगल्लीत पोरापोरींनी मिळून लंगर चालवले होते, बाहेरच्या संस्था पोचत नव्हत्या तिथंही. पैसा आटताच त्यातले शेकडो बंद पडले. युद्ध थांबलं का? ऑक्टोबरात आरएसएफनं अल-फाशर शहर घेतलं. त्यांच्याकडे सोन्याच्या खाणी आहेत, त्यांना कुणाच्या गव्हाची गरज नव्हती. म्हणून "बरं झालं का" याला माझं उत्तर सरळ नाही. ज्या मार्गानं मदत सगळ्यात कमी गळत होती, तोच मार्ग सगळ्यात आधी बंद झाला.

याचा अर्थ देणारा निर्मळ असतो असं समजू नकोस. अथणी-रायबागकडच्या जुन्या माणसांना विचार, लाल मिलो आठवतो का ते. दुष्काळात रेशनवर आलेला अमेरिकन जोंधळा, भाकरी थापली की कडा फाटायच्या. १९६६ या एका वर्षात देशात एक कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आलं, बरंचसं पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदतीच्या कायद्याखाली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ते मुद्दाम थोडं थोडं सोडायचे, शेतीधोरण त्यांच्या मनासारखं व्हावं म्हणून आणि भारत व्हिएतनामवर बोलतो म्हणूनही. मुठीत दोरी ठेवून दिलेलं अन्न. त्या अपमानाची आठवण आपल्या देशानं ठेवली. हरितक्रांतीला रेटा मिळाला त्यात तिचा वाटा आहे, आणि २०१८ च्या केरळच्या पुरात आपण परदेशी सरकारांची मदत घेतली नाही त्यातही असावा.

मग चांगली रचना कशी असते? एक जोडी सांगतो. फिलिपाइन्समध्ये बंडखोरांच्या भागात एका मोठ्या ग्रामविकास योजनेची आधी जाहीर घोषणा व्हायची, सभा, पाट्या, कोणत्या तालुक्याला मिळणार ते सगळ्यांना ठाऊक. तिथं हल्ले वाढले, कारण योजना यशस्वी झाली तर लोक सरकारकडे झुकतील ही बंडखोरांना भीती. त्याच देशात गरीब घरांना नियमित रोख रक्कम देण्याच्या योजनेनं मात्र हिंसा कमी झाल्याचं दिसलं. रोख रक्कम पसरलेली असते. ती अडवायला नाका नाही, आणि उडवून द्यायला इमारतही नाही. सोमालियाच्या २०११ च्या दुष्काळात जिथं ट्रक जाऊ शकत नव्हते तिथं हवाला व्यापाऱ्यांमार्फत पैसे गेले आणि व्यापाऱ्यांनीच धान्य आत नेलं, कारण आता गिऱ्हाइकाच्या हातात पैसा होता. सगळीकडे हे चालत नाही. बाजारात धान्यच नसेल तर रोख रकमेनं फक्त भाव चढतो. बाजार आधी बघायचा, मग ठरवायचं.

राहिला तुझा दुसरा प्रश्न. नोकऱ्या सध्या कमी आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. २०२५ नंतर अनुभवी माणसंही घरी बसलीत. तरी यायचं असेल तर भाषणबाजीचे कोर्स कर म्हणणार नाही. साठ्याचा हिशेब शीक: बिन कार्ड (थप्पीवरचं आवक-जावकेचं कार्ड), वेबिल (ट्रकबरोबरची मालाची पावती), प्रत्यक्ष पोती मोजणं, आणि एक्सेलमध्ये दुबार नावं कशी शोधायची. अरबी किंवा फ्रेंच यांतली एक धर, आफ्रिकेतला बराच भाग त्यात येतो. इथं संस्था काढायचं मनात असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा वाच. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा एका संस्थेनं दुसरीला द्यायला बंदी आहे, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर नेता येत नाही, आणि पैसा यायचा तर स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच. गावातल्या लहान संस्था मोठ्या संस्थेच्या आधारानं चालायच्या ती वाट त्यामुळे बंद झाली.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, गावोगाव माजी सैनिक आहेत. त्यांतला निळी टोपी घालून काँगो किंवा लेबनॉनला जाऊन आलेला कोणी सापडला तर त्याच्याबरोबर बसून चहा घे. शांतिसेनेचं काम वेगळं आणि आपलं वेगळं, आपण त्यांच्या गाडीत बसायचंही शक्यतो टाळतो, नाहीतर समोरचा आपल्यालाही एका पक्षाचा धरतो. पण नाक्यावर थांबल्यावर हात कुठं ठेवायचे आणि आवाज किती ठेवायचा हे तो माणूस तुला कॉलेजपेक्षा चांगलं शिकवेल. आणि एक ध्यानात ठेव, या कामात मारले जाणारे बहुतेक त्या त्या देशातले स्थानिक कर्मचारी असतात. परदेशी माणसाला उचलायला विमान येतं.

प्रबंधाला विषय अजून ठरला नसेल तर तुझ्याच गावची २०१९ ची यादी घे. माहिती अधिकारात पहिली पाहणी, सुधारित पाहणी आणि प्रत्यक्ष पैसे मिळाल्याची यादी अशा तिन्ही प्रती माग. कोणतं नाव कुठल्या गटातून कुठल्या गटात सरकलं ते लाव, मग घरोघर जाऊन भिंती बघ आणि नाव सरकलं त्या आठवड्यात कोण कोणाला भेटलं ते विचार. कन्नड वाचता येत नसेल तर आधी ते शिकून घे, दुसऱ्याकडून यादी वाचून घेऊ नकोस. हे काम बायोडेटात लिही. लाभार्थी कसे तपासाल, हा प्रश्न अशा नोकरीच्या मुलाखतीत हमखास येतो, आणि बहुतेक उमेदवार तिथं पुस्तकातलं उत्तर देतात.